दुपारचा दीड तास

सोमवार, १९ जानेवारी

आज माझा सराव पाठ पडला. 'पडला' हा शब्द माझा. मोजपट्टी मॅडमनी शेऱ्यात 'तयारी उत्तम, परिणाम शून्य' असं लिहिलंय. (त्या पर्समध्ये शिवणाची टेप ठेवतात आणि वहीतला समाससुद्धा मोजतात, म्हणून हे नाव. मी दिलेलं नाही, पण वापरते.)

विषय होता सुती कापडावरचे डाग. काल बसून सहा तुकड्यांवर चहा, शाई, तेल असे डाग पाडले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली. वर्ग आठवीचा. शाईपर्यंत पोचले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, हे डाग तुम्हीच पाडलेत ना? मग पाडायचेच कशाला?" सगळा वर्ग हसला. मी पुढच्या डागाकडे गेले.

वाईट याचं वाटतं की हे सगळं मला येतं. अक्षर गिरवायच्या आधी आईनं मला फडकं पिळायला शिकवलं. उशीचा अभ्रा उलटा करून कसा चढवायचा, भांडं कुठल्या बाजूनं निथळत ठेवायचं, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या गल्लीतल्या बायका आमचं स्वयंपाकघर बघून जातात आणि दोन दिवस आपापल्या सुनांना बोलतात. गृहविज्ञानाची शिक्षिका व्हायचं मी ठरवलं ते आईकडे बघूनच. प्रवेशाच्या मुलाखतीतही तसंच सांगितलं. समोरच्या बाई हसल्या होत्या. तेव्हा वाटलं, उत्तर आवडलं.

आता सगळी भिस्त प्रकल्पावर. 'कौटुंबिक कालनोंद'. एका खऱ्या कुटुंबाची सात दिवस, दर पंधरा मिनिटांची नोंद करायची. मग घरच्यांशी बोलून सुधारित वेळापत्रक बनवायचं, ते महिनाभर राबवायचं, आणि शेवटी परीक्षक घरी येऊन बघणार. हेही पडलं तर वर्ष गेलं.

बुधवार, २१ जानेवारी

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आता घरातच पाळत?" दादानं विचारलं, "मी दाढी करतो तेही लिहिणार?"

"हो."

"मग 'देखणा दिसत होता' असंही लिही."

वहिनी हसली नाही. मांडीवरच्या लेकीला, चिंगीला, भरवता भरवता तिनं एवढंच विचारलं, "दुपारचंही का?" मी म्हटलं, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत.

माझी बाकावरची शेजारीण वसतिगृहात राहते. ती म्हणाली, "अगं, कुणी खरं भरतं का? मी कुटुंबच बनवून टाकलंय. त्यात एक आजोबा घातलेत, ते दिवसभर झोपतात. चौकटी पटापट भरतात." मला हे जमणार नाही. खोटं लिहायला लागले की माझं अक्षर वाकडं येतं. खरंच येतं.

शनिवार, २४ जानेवारी

नोंदीचा दुसरा दिवस. या आठवड्यापुरती कॉलेजला सुट्टी आहे. मी वही घेऊन घरभर फिरते. बाबा वर्तमानपत्राआडून बघतात आणि पान उलटताना मुद्दाम खोकतात.

दुपारी दोनला आई आडवी होते, चिंगी झोपते. वहिनी मागच्या इस्त्रीच्या खोलीत जाते हे मला माहीत होतं. मला वाटायचं इस्त्री करते. आज गेले तर इस्त्री थंड, आणि वहिनी कपड्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर पुस्तक घेऊन बसलेली. बोटांत पेन्सिल. मला बघून तिनं पुस्तक मिटलं नाही, पण हात त्यावर ठेवला.

लग्नाआधी ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. काम सोडून पाच वर्षं झाली की नोंदणी रद्द होते. मग पुन्हा नर्स व्हायचं तर सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून. येत्या जूनमध्ये तिला पाच वर्षं पूर्ण होतील. त्याआधी एकच परीक्षा आहे, मार्चमध्ये. ती दिली आणि पास झाली तर नोंदणी टिकते.

"दादाला माहीत आहे?"

"फॉर्मवर सही त्यांचीच आहे. वाचून केली का, ते माहीत नाही." मग म्हणाली, "आईंना आत्ता नको सांगूस. पास झाले की मीच सांगेन. आधी सांगितलं तर चर्चा होईल आणि चर्चेतच मार्च उजाडेल."

मी म्हटलं, माझ्या तोंडून जाणार नाही.

"आणि वहीतून?"

दोन ते साडेतीन अशा सहा चौकटी. त्या सोडता येत नाहीत, सूचनेत स्पष्ट लिहिलंय. इस्त्री लिहिली तर खोटं. परीक्षा लिहिलं तर शब्द मोडतो. बराच विचार करून 'वाचन (स्वतःचे)' असं लिहिलं. दोन्ही सांभाळलं गेलं. वहिनीला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "तुझं अक्षर छान आहे."

रविवार, १ फेब्रुवारी

नोंद पूर्ण झाली. नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर वाचून दाखवली, कुटुंबप्रमुखाची सही घ्यायची असते.

बाबांना त्यांची ओळ आवडली नाही. "संध्याकाळी पाच ते सात विश्रांती? मी काय आजारी आहे? 'चिंतन' लिही." दादा म्हणाला, त्याचं मित्रांबरोबर फिरणं 'बाहेरची कामे' या सदरात टाकावं, कारण परत येताना तो एकदा दूध आणतो. मी दूध आणलेला वार तपासला. मंगळवार. बाकीचे सहा दिवस नव्हतं आणलं. पण नोंद ज्याची त्याला मान्य असायला हवी असंही सूचनेत आहे, म्हणून दोन्ही बदलल्या. खोडरबरानं, व्यवस्थित.

आईनं आपली ओळ दोनदा वाचायला लावली. मग स्वतःच बोटांवर बेरीज केली. दिवसाला साडेतेरा तास काम. ती म्हणाली, "तीस वर्षं मला लोक विचारतात, काय करता, तर मी सांगते, काही नाही, घरीच असते."

मला वाटलं हा प्रकल्पाचा सगळ्यात चांगला क्षण आहे. मी तो परिशिष्टात घेणार होते.

मग आईचं बोट खालच्या ओळीवर गेलं. "ही रोज दीड तास वाचते?"

वहिनीनं चिंगीला मांडीवर घेतलं.

"मला कुणी दिला होता दीड तास?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाबांनी सही केली.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज कॉलेजमधून आले तर दुपारच्या वेळी वहिनी पडद्यांना शिवण घालत होती आणि आई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. आई मला म्हणाली, "बरं झालं बाई तू हे काढलंस. मी उगाच संध्याकाळी डोळे फोडत बसायचे. एवढा चांगला उजेडाचा वेळ घरात होता आणि मला पत्ताच नव्हता."

वहिनी म्हणाली, "आई, गाठ मारून द्या."

रविवार, ८ फेब्रुवारी

सुधारित वेळापत्रक तयार. यावर मी आठ दिवस घालवले. उजेडाची कामं दुपारी: शिवण, निवडणं, इस्त्री. त्यामुळे आईला संध्याकाळी सव्वा तास मोकळा मिळतो. वहिनीचं वाचन मी काढलेलं नाही. ते रात्रीच्या जेवणानंतर, साडेआठ ते दहा असं हलवलंय. वेळ तेवढाच, दीड तास. कुणाचंही नुकसान नाही. काल कॉलेजात मोजपट्टी मॅडमनी टेप न काढताच मान डोलावली. "संतुलन साधलंयस."

वहिनीला सांगितलं, तुझा वेळ मी वाचवला. ती म्हणाली, "हो, दिसला."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

राबवण्याचा दुसरा आठवडा. साडेआठला बैठकीच्या खोलीत टीव्ही असतो, म्हणून वहिनी झोपायच्या खोलीत जाते. तिथे चिंगी तिच्या अंगावर चढते. दादाला मी म्हटलं, चिंगीला जरा घे. तो म्हणाला, "अगं, तिला आईच लागते. आणि तुझ्या तक्त्यात मी यावेळी 'कौटुंबिक संवाद' करतोय."

आज नोंद घ्यायला गेले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चिंगी जागी, वहिनी झोपलेली. पुस्तक छातीवर उघडं. चिंगी तिच्या पेन्सिलीनं पानाच्या समासात गोल काढत होती. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली.

काय लिहायचं? झोप लिहिली तर वेळापत्रक फसलं असं दिसतं. पुस्तक उघडं होतं. मी 'वाचन' लिहिलं. अक्षर वाकडं आलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

परीक्षकांच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्यात, एक निवडायची. गुरुवार १२ मार्च किंवा शुक्रवार १३ मार्च, सकाळी अकरा. शुक्रवारी माझा शेवटचा सराव पाठ आहे. दुसऱ्या मुलीशी पाठ बदलून घेता येतो, पण त्यासाठी मॅडमकडे जावं लागतं, आणि असं काही मागायला जाणं मला जमत नाही. गुरुवार कळवला.

जेवताना सांगितलं. आईनं लगेच खिडक्या पुसायचं काढलं. वहिनी ताट उचलता उचलता थांबली. "शुक्रवार नाही चालणार?"

"शुक्रवारी माझा पाठ आहे. आणि तू तर लागशीलच, सगळे सदस्य हजर हवेत असा नियम आहे."

"बरं."

ती पाणी प्यायली, पुन्हा भरून घेऊन पुन्हा प्यायली. क्षणभर मनात आलं की विचारावं. पण ती 'बरं' म्हणाली होती.

गुरुवार, ५ मार्च

आईनं वेळापत्रकाला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं आणि ओट्यावरच्या भिंतीवर लावलं. शेजारच्या काकू बघून गेल्या. आई त्यांना म्हणाली, "मुलीनं केलंय. आता आमच्याकडे कुणाला काही सांगावं लागत नाही."

वहिनीचं हल्ली डोकं दुखतं. पहाटे चारला उठते, मला पाण्याचा आवाज येतो. पहाटेची नोंद तक्त्यात नाही, सहापासून सुरू होते.

गुरुवार, १२ मार्च

झालं! छान झालं!

परीक्षक दोघी होत्या. एक बोलणारी, एक कपाटं उघडून बघणारी. कपाटवालीनं चादरींच्या घड्या बघून दुसरीला हाक मारून दाखवल्या. आई नुसती फुलली होती. बाबांनी शर्ट इन केला होता आणि 'चिंतन' या विषयावर पाच मिनिटं बोलले.

बोलणाऱ्या बाईंनी वहिनीला विचारलं, "या वेळापत्रकामुळे तुमचा किती वेळ वाचला?"

"रोज दीड तास."

"वा! आणि त्या वेळाचं काय करता?"

आईच पटकन म्हणाली, "घरात काय, बारीकसारीक असतंच की." सगळे हसले. बाईंनी लिहून घेतलं.

एक गोष्ट टोचली. चहा आणताना वहिनीनं तो दोनदा उकळला, इतका की कडू झाला. तिच्या हातून असं होत नाही. सकाळी दहापासून ती सारखी घड्याळाकडे बघत होती. परीक्षकांना ते दिसलं नसावं.

शुक्रवार, १३ मार्च

आजचा पाठ 'घरातील वेळेचे नियोजन'. पहिल्यांदा वर्ग माझ्या हातात होता. आमच्याच घराचा तक्ता फळ्यावर काढला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीनंसुद्धा वहीत उतरवून घेतला. मॅडम शेवटपर्यंत बसल्या.

येताना चिंगीसाठी चॉकलेट आणलं. वहिनी झोपली होती, दुपारी तीन वाजता. आई म्हणाली, "झोपू दे. काल दमली." मलाही बरं वाटलं.

रविवार, १५ मार्च

आई पाठकोरे कागद टाकत नाही, खणात साठवते. आज अहवालाच्या कच्च्या मजकुरासाठी त्यातले घ्यायला गेले. सगळ्यात वर वहिनीच्या अक्षरातली यादी होती: दूध, बिस्किटं, लिंबं, हात पुसायचे कागद. परीक्षक येणार होते त्यासाठीची. कागद जाड होता म्हणून उलटून बघितला.

नर्सिंग फेरनोंदणी परीक्षा. प्रवेशपत्र. वहिनीचा फोटो, लग्नाआधीचा, केस घट्ट बांधलेले. गुरुवार १२ मार्च, सकाळी दहा ते एक. साडेदहानंतर प्रवेश नाही.

मी ते परत ठेवलं. मग पुन्हा काढलं. मग पुन्हा ठेवलं, यादीची बाजू वर करून, जसं होतं तसं.

मंगळवार, १७ मार्च

दोन दिवस तिच्याकडे बघता आलं नाही. आज इस्त्रीच्या खोलीत तिनंच हाक मारली, मोठ्या चादरीची घडी एकटीला होत नाही. दोघींनी दोन टोकं धरली.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

काय सांगितलं नाही, हे तिनं विचारलं नाही. चादर ताणून म्हणाली, "सांगितलं असतं तर शुक्रवार घेतला असतास?"

मला लगेच 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण इथे तरी खरं लिहिते. नसता घेतला. पाठ बदलून मागायला मी गेले नसते. मी आधी आईला विचारलं असतं. आई नको म्हणाली असती. आणि मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

मी टोकं जुळवत राहिले.

"बघ," वहिनी म्हणाली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. तू रडली असतीस. मग तुझी समजूतही मीच घातली असती. तेवढा वेळ नव्हता गं माझ्याकडे."

"परीक्षा पुन्हा..."

"नाही."

"दादाला मी बोलते."

"काय बोलशील? त्यांनी सही केली होती." ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातली टोकं स्वतःच्या हातात घेतली आणि उरलेली घडी एकटीनंच घातली. "जा आता. तुझा अहवाल राहिलाय ना?"

शुक्रवार, २० मार्च

तीन दिवसांत अहवालाचं एकच पान लिहून झालं, शेवटचं. आठ वेळा लिहिलं. त्यात लिहिलंय की या कुटुंबात वाचलेला दीड तास हा वाचलेला नव्हता, तो एका सदस्याकडून काढून घेतलेला होता. त्या वेळात ती परीक्षेचा अभ्यास करत होती. परीक्षेच्या दिवशी ती परीक्षकांना चहा देत होती. तारीख संशोधकानं निवडली. १७ फेब्रुवारीच्या नोंदीत 'वाचन' लिहिलंय तिथे ती झोपलेली होती. कुटुंबप्रमुखाची आणि मुलाची नोंद त्यांच्या सांगण्यावरून बदलली, सुनेची बदलली नाही. सुनेनं बदलून मागितली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आठव्यांदा लिहिताना एकही खाडाखोड झाली नाही.

आईला दाखवलं नाही. वहिनीलाही नाही. तिला दाखवलं तर ती पुन्हा म्हणेल की अक्षर छान आहे.

मंगळवार, २४ मार्च

मॅडमनी बोलावलं. अहवालाला 'अ' श्रेणी. पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी नमुना म्हणून कपाटात ठेवणार. पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाला कालनोंद कशी घ्यायची ते मी शिकवायचं.

मग त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर पुन्हा एकदा वाचलं. वाचताना त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

"लिहिलंयस चांगलं," त्या म्हणाल्या. "पण हे वैयक्तिक आहे." त्यांनी नखानं पिन उकलली, पान अलगद वेगळं केलं, बाकीचे कागद टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि नवी पिन मारली. "बाहेरच्या परीक्षकांच्या हातात गेलं असतं तर तुझंच नुकसान झालं असतं."

मी म्हटलं, "मॅडम, पण त्या दिवशीची नोंद खोटी आहे. ती झोपली होती."

"पुस्तक उघडं होतं ना?"

"हो."

"मग झालं तर." त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं. "माझ्या वेळी आमच्या घरात कालनोंद नव्हती," त्या म्हणाल्या. "बरं होतं." मग पुढची फाईल ओढली.

मी पान घेतलं. "थँक यू, मॅडम," म्हटलं.

जिना उतरून फाटकापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की ते पान मी दोन्ही हातांत सपाट धरलंय, घडी न घालता, चुरगळू नये म्हणून.